दोन वाजताची गोळी

सुनेच्या गोळ्या सासूच्या ताब्यात, यावर एरवी घरात हसून हसून पुरेवाट झाली असती. त्या शुक्रवारी कुणी हसलं नाही.

सून भूलतज्ज्ञ होती. शस्त्रक्रियेआधी माणसाला झोपवायचं आणि नंतर सुखरूप जागं करायचं, हे तिचं काम. सासूनं चाळीस वर्षं शिवणकाम केलं होतं. शाळेचे गणवेश, डॉक्टरांचे कोट, पडदे, जे दारात येईल ते. गुरुवारी संध्याकाळी सून हॉस्पिटलच्या ओल्या जिन्यावरून घसरली आणि नडगीचं हाड मोडलं. हाड जागेवर बसलं, ऑपरेशन टळलं. मांडीपासून बोटांपर्यंत अर्धं प्लास्टर घातलं. मागून पन्हळीसारखं कडक आणि वरून कापूस नि बँडेज घट्ट गुंडाळलेलं. शुक्रवारी दुपारी घरी सोडताना सोबत एक डबी दिली. तिच्यात बारा गोळ्या. जालीम गोळ्या, दर सहा तासांनी एक, तीन दिवस. मग साध्या.

याच जातीच्या औषधानं दोन वर्षांपूर्वी सुनेचा घात केला होता.

तेव्हा ते गोळीत नव्हतं, काचेच्या बारीक कुपीत होतं. रोग्याला अर्धी कुपी टोचायची, उरलेली ओतून टाकायची, असा नियम. सुनेनं ओतणं बंद केलं. घरात कुणाला पत्ता नव्हता. एक दिवस सासू तिचा कोट उसवलेल्या खिशासाठी हातात घेऊन बसली आणि तिला अस्तरात परके टाके दिसले. कुणीतरी अस्तर उसवून पुन्हा शिवलं होतं, वाकड्या हातानं, काळ्या अस्तराला निळा दोरा लावून. तिनं ते उसवलं. आत तीन कुप्या होत्या. तासभर ती त्या मांडीवर घेऊन बसली आणि मग मुलालाही न विचारता तिनं हॉस्पिटलला फोन केला.

त्यानंतर काय काय झालं ते सांगत बसलं तर दिवस पुरायचा नाही. सुनेचा परवाना सात महिने गेला. तीन महिने ती उपचारकेंद्रात होती. मग आरोग्यसेवेतल्या व्यसनी लोकांसाठी जी योजना असते, तिच्या करारावर तिनं सही केली. करार पाच वर्षांचा. फोन आला की त्याच दिवशी जाऊन लघवीची तपासणी द्यायची. दर मंगळवारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर गटात बसायचं. तिथं परिचारिका होत्या, एक औषधविक्रेता होता, जनावरांचा डॉक्टर होता आणि सुनेचा आधारमित्र म्हणून नेमलेला एक दंतवैद्य होता. तो स्वतः नऊ वर्षं नशेपासून दूर होता. कामावर परतली तरी पहिलं वर्ष जालीम औषधांच्या कपाटाला हात लावायचा नाही. त्यातले आठ महिने नीट पार पडले होते.

त्या फोनबद्दल सून सासूला कधी एका शब्दानं बोलली नाही. रागानंही नाही, बऱ्यानंही नाही. दोघी एका घरात राहत, एका टेबलावर जेवत आणि त्या फोनला वळसा घालून बोलत.

म्हणून शुक्रवारी डबी कोण ठेवणार हा प्रश्न निघाला, मुलानं हात पुढे केला आणि सून म्हणाली, "त्याच्याकडे नको. त्याला नाही म्हणता येत नाही. आईंकडे द्या, त्यांना येतं," तेव्हा हे कौतुक आहे की टोमणा, तेच सासूला कळलं नाही. तिनं डबी घेतली आणि शिवणयंत्राच्या खणात ठेवून खणाला कुलूप लावलं.

*

शनिवारी सकाळी सातला मुलगा कामावर गेला. पुलाचं बांधकाम, गावाबाहेर दोन तासांवर. आठला सासूनं चौथी गोळी दिली. पुढची दोन वाजता.

साडेनऊला सुनेनं हाक मारली. "आई, किती वाजले?"

"साडेनऊ."

"बरं."

दहा मिनिटांनी पुन्हा तीच हाक, तोच प्रश्न. सासू दाराशी आली. सुनेचा चेहरा घामानं चकाकत होता, पाय दोन उशांवर उंच ठेवलेला.

"दुखतंय का फार?"

"हो." सुनेनं डोळे मिटले. "दोनची आत्ता देता का?"

हा प्रश्न येणार, हे सासूला दंतवैद्यानं फोनवर समजावून ठेवलं होतं. ती मागेल, रडेल, कारणं सांगेल. तुम्ही घड्याळाकडे बघा. सासूनं घड्याळाकडे बघितलं. "दोनला देईन. तोवर साधी देते, डॉक्टरांनी चालेल म्हटलंय."

साधी गोळी दिली. तिनं काडीचाही फरक पडला नाही. दहा वाजता सून कण्हायला लागली. सव्वादहाला तिनं उशी तोंडात धरली. सासू दाराबाहेर उभी होती. दुधानं तोंड पोळलेली ती. दोन वर्षांपूर्वी हीच मुलगी कंबर धरून अशीच कळवळायची, सासू तिची पाठ शेकत बसायची आणि सगळं नाटक निघालं होतं. तेव्हाही चेहऱ्यावर घाम खराच होता. अंगाला औषध हवं असलं की घाम येतो, हे तिला मागाहून कळलं.

ती शिवणाच्या खोलीत गेली, दार लोटलं आणि यंत्र चालू केलं. समोर शेजारणीचा पडदा होता. तिनं एक शिवण मारली. मग त्याच शिवणीवर दुसरी. मग तिसरी. यंत्राच्या आवाजात पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं आणि नेमकं तेवढ्यासाठीच ते चालू आहे, हे तिचं तिला ठाऊक होतं.

दोरा तुटला. यंत्र थांबलं. पलीकडून सून बोलत होती. मोठ्यानं नाही, कुणाला उद्देशूनही नाही.

सासू उठून गेली.

"आई," सून म्हणाली, "गोळी देऊ नका. मागितली तरी देऊ नका. पण हे दुखणं मला बरोबर वाटत नाही. परवा हाड मोडलं, तेव्हाही असं नव्हतं." तिला धाप लागली होती. "नाहीतर माझं डोकंच मला बनवतंय. मला कळत नाहीये. मी स्वतःला इतक्यांदा फसवलंय की माझा माझ्यावर भरवसा नाही."

मागणारं माणूस असं बोलत नाही, असं सासूला क्षणभर वाटलं. लगेच दुसरं मन म्हणालं, हुशार माणूस असंच बोलतं.

तिनं हाडांच्या विभागात फोन लावला. पलीकडच्या बाईनं सुनेचं नाव विचारलं, खटखट टंकलं आणि तिचा आवाजच बदलला. "अच्छा, या होय. इथं नोंद आहे. हे बघा, अशा रुग्णांना दुखणं जास्तच वाटतं. पाय उंच ठेवा, गोळी वेळेवर द्या. लवकर देऊ नका."

सासूनं फोन ठेवला. बाई खोटं काही बोलली नव्हती. मग तिनं दंतवैद्याचा नंबर फिरवला. त्याच्या दवाखान्यात मागे यंत्राची घरघर चालू होती. त्यानं ती बंद करायला सांगितली आणि सगळं ऐकून घेतलं.

"आजी," तो म्हणाला, "गोळीचा विचार दोन मिनिटं बाजूला ठेवा. ही तुमची सून नाही, शेजारीण आहे. आयुष्यात एक गोळी खाल्लेली नाही तिनं. पाय मोडलाय आणि ती ओरडतेय. तुम्ही काय कराल?"

"पाय बघेन."

"बघितलात?"

सकाळपासून सासूनं घड्याळ बघितलं होतं, चेहरा बघितला होता, नशेची खूण दिसते का म्हणून डोळ्यांची बुबुळं बघितली होती. पाय बघितला नव्हता.

"जा. बघा आणि मला लगेच सांगा. फोन चालूच ठेवा."

तिनं पांघरूण बाजूला केलं. बँडेजमधून बाहेर आलेली बोटं टम्म सुजलेली होती, कातडी ताणून चकाकत होती. बँडेजच्या कडेतून तिनं दोन बोटं आत सारून पोटरीला लावली. आयुष्य कापडात गेलेलं. कुठलं कापड किती ताणलंय हे तिची बोटं डोळ्यांआधी सांगत. ही पोटरी मांसाची वाटत नव्हती, लाकडाची वाटत होती. तिनं अंगठा हलकेच धरून वर उचलला, बोटभरही नाही.

सुनेनं फोडलेली किंकाळी फोनमधून दंतवैद्यापर्यंत गेली.

आणि मग एक विचित्र गोष्ट घडली. किंकाळी ओसरली, तशी सून एकदम शांत झाली. डोळे उघडले. "पुन्हा करा," ती म्हणाली.

"अगं, वेडी झालीस?"

"अंगठा वर करा. पुन्हा. मला बघायचंय कुठं दुखतं."

सासूनं केलं. सुनेनं ओठ चावला, रक्त आलं. "बोटात नाही. पोटरीत. आत, खोल." तिचा आवाज आता रोग्याचा नव्हता. "आई, बोटांना हात लावा. मधल्या बेचक्यात. लावलात?"

"कधीचा लावलाय."

"मला कळत नाहीये." सुनेच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "आतली सूज वाढतेय आणि तिला बाहेर जायला जागा नाही. स्नायूंचं रक्त बंद होतंय. साडेनऊला सुरू झालं… आत्ता पावणेअकरा. फार तर दुपारपर्यंत वेळ आहे. नंतर पाय राहील, पण कामाचा राहणार नाही." तिनं सासूचं मनगट धरलं. "हे खरं आहे, आई. हे माझं डोकं नाही. हे पुस्तकात आहे."

"काय करू ते सांग."

"उशा काढा, पाय खाली घ्या. बँडेज कापा, वरपासून खालपर्यंत. खालचा कापूससुद्धा. कातडी दिसेपर्यंत थांबू नका."

सासूनं मोठी कात्री आणली. जाड कापडाची, टोकाला बोथट. दंतवैद्य फोनवरून रुग्णवाहिका बोलावतो म्हणत होता. तिनं नुसतं हं केलं. मांडीशी कात्रीचं पातं आत घातलं. कापूस घामानं भिजून आणि वाळून पुठ्ठ्यासारखा झाला होता. तो चर्रचर्र फाटत गेला, कडा आपोआप दूर सरकल्या आणि मधून पाय फुगून वर आला. सुनेनं मोठा श्वास घेतला.

"कमी झालं?"

"थोडं." मग मान हलवली. "पुरेसं नाही."

*

तातडीच्या विभागातला डॉक्टर पोरसवदा होता, रात्रपाळी करून दमलेला. त्यानं पडद्यावर नोंद वाचली. वाचताना त्याच्या भुवया किंचित वर गेल्या, तेवढ्यानं सासूला कळलं. पावलावर बोट ठेवून तो म्हणाला, "नाडी लागतेय छान. दुसऱ्या दिवशी सूज असतेच. बँडेज घरी कापायला नको होतं. शेवटची गोळी कधी घेतली?"

"आठला," सून म्हणाली. "नाडी सगळ्यात शेवटी जाते. अंगठा उचलून बघा. पोटरीतला दाब मोजायची सुई मागवा. मोठ्या डॉक्टरांना बोलवा."

"त्या ऑपरेशनमध्ये आहेत. तुम्ही शांत पडा. मी सांगू का, अशा वेळी मनावर ताण असला की—"

"मी भूलतज्ज्ञ आहे."

"हो, ते आहे इथं," तो म्हणाला आणि त्याची नजर नकळत पडद्याकडे गेली.

सुनेनं तोंड फिरवलं. दोन वर्षांत कमावलेलं सगळं त्या एका नजरेत वाहून गेलं, हे सासूनं तिच्या मानेवरून ओळखलं. सून आता भांडणार नव्हती. भांडली तर मागणारी ठरली असती, गप्प राहिली तर पाय गेला असता. इकडे आड, तिकडे विहीर.

सासूनं पिशवीत हात घातला आणि डबी त्या डॉक्टरच्या टेबलावर आपटली.

"उघडा. मोजा."

"आजी, याची गरज—"

"बारा होत्या, चार दिल्या. मोजा म्हणते ना."

त्यानं मोजल्या. आठ.

"कालपासून या माझ्याकडे आहेत. रुग्णवाहिकेत तिच्या उशाशी होत्या. तिनं हात लावला नाही. आत्ताही ती तुमच्याकडे गोळी मागत नाहीये, सुई मागतेय, दाब मोजायची." सासूचा आवाज चढला तसे शेजारच्या पडद्यांमागचे आवाज थांबले. "तुमच्या त्या नोंदीत ज्या बाईनं फोन केला असं लिहिलंय ना, ती बाई मी. हिची तक्रार मी केली होती. मी सासू आहे हिची. ही खोटं बोलते तेव्हा कसं बोलते, ते मला पाठ आहे. दोन वर्षांपूर्वी रोज ऐकलंय. आज ती खोटं बोलत नाहीये. आता तुम्ही तिचा अंगठा उचला, नाहीतर मी उचलते आणि सगळ्या मजल्याला ऐकवते."

पोरगा गोरामोरा झाला. पण उठला. त्यानं अंगठा उचलला आणि सुनेच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून त्याचा हात मागे आला. मग त्यानं पहिल्यांदाच पोटरी दोन्ही हातांनी धरली. धरूनच ठेवली. चेहरा पांढराफटक पडला.

"सिस्टर," तो म्हणाला, "ऑपरेशनमध्ये फोन लावा. त्यांना सांगा, टाके दुसऱ्याला घालू द्या. मला त्या इथं हव्यात. आत्ता."

मोठी डॉक्टर डोक्यावरची टोपी न काढताच आली. एक हात पायावर ठेवला, सुईवरचा आकडा बघितला आणि म्हणाली, "चला."

ढकलगाडी हलली, तेव्हा सुनेनं वर बघितलं. भूल द्यायला तिच्याच विभागातली मैत्रीण उभी होती. "सगळं माहीत आहे ना तुला माझं?" सुनेनं विचारलं. मैत्रीण म्हणाली, "माहीत आहे. काय लागेल ते देईन. प्रत्येक थेंब लिहून ठेवेन आणि तुझ्या योजनेला मीच कळवेन. झोप आता."

दार बंद झालं. साडेबारा वाजले होते. सासू बाकावर बसली.

*

पाय वाचला. मोठी डॉक्टर म्हणाली, पोटरीतल्या स्नायूची एक पट्टी फिकी पडली होती, पण चिरून दाब मोकळा केल्यावर लाल झाली. संध्याकाळ झाली असती तर हे वाक्य वेगळं असतं. सूज उतरेपर्यंत जखमा दोन्ही बाजूंनी उघड्या ठेवाव्या लागल्या आणि त्यासाठी जालीम औषध आणखी बरेच दिवस लागणार होतं. म्हणजे तीन दिवसांचं ठरलं होतं, ते तीन आठवड्यांवर गेलं.

सोमवारी दंतवैद्य हॉस्पिटलात आला. मुलगा होता, सासू होती. कुणी काही बोलायच्या आधी सासू म्हणाली, "डबी माझ्याकडे नको."

"का?" सुनेनं विचारलं.

"तू कण्हत होतीस आणि मी पलीकडे यंत्र चालू करून बसले होते. ऐकू येऊ नये म्हणून." एवढं बोलायला तिला दोन दिवस लागले होते. "पाय बघायला सव्वा तास गेला."

सून छताकडे बघत होती.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "मला राग आला होता. अजून आहे थोडा." मग मान वळवली. "त्या कोटाच्या वेळीही आला होता. तेव्हा तुम्ही फोन केला नसता तर मी मेलेच असते. हे दोन्ही खरं आहे, आई. मला एकातून दुसरं वजा करता येत नाही."

दंतवैद्यानं घसा खाकरला. "चूक माझीही आहे. नाही कसं म्हणायचं एवढंच मी आजींना शिकवलं. बघायचं कसं ते शिकवायचं राहिलं. आणि सगळं एका माणसाच्या गळ्यात घातलं." त्यानं वही काढली. नवं ठरलं ते असं: डबी सासूकडेच राहील, पण रोज सकाळी गटातली एक परिचारिका येऊन पाय तपासेल. दुखणं वाढलं तर आधी पाय, मग घड्याळ. संध्याकाळी सून स्वतः दंतवैद्याला फोन करेल. आणि सासू दर गुरुवारी घरच्यांच्या गटात जाईल. तिला दोन वर्षं कुणी ना कुणी हे सांगत होतं आणि तिला नेमका गुरुवारीच डोकेदुखीचा त्रास असे.

"जाईन," ती म्हणाली. "पण रडणार नाही मी तिथं."

"रडायची सक्ती नाही, आजी. चहा मिळतो."

पुढचं सांगायचं तर, सून पाच महिन्यांनी किंचित लंगडत कामावर गेली. ज्यानं आधी पडद्याकडे बघितलं होतं, तो पोरसवदा डॉक्टर ती अजून हॉस्पिटलात असताना एकदा खोलीवर येऊन गेला. नीट माफी त्याला मागता आली नाही, पण जाताना एवढं म्हणाला, "मी आता आधी पाय बघतो."

पण सगळं सुरळीत झालं असं नाही. घरी आल्यावर नवव्या दिवशी, दुपारी चारला, सुनेनं गोळी मागितली. सासूनं आधी पाय बघितला. बोटं गुलाबी, पोटरी मऊ, अंगठा हलला तरी सुनेनं हूं की चूं केलं नाही.

"सहाला," सासू म्हणाली.

"मला आत्ता हवीय."

"पाय ठीक आहे."

"तुम्हाला काय कळतं पायातलं? दोन दिवस हात लावलात म्हणून डॉक्टर झालात?" आणि तिनं हातातला कप भिंतीवर भिरकावला.

सासूला तोंडात मारल्यासारखं झालं. पण ती यंत्राच्या खोलीत गेली नाही. पलंगाशेजारच्या खुर्चीत बसली आणि सहापर्यंत तिथंच बसून राहिली. सून अर्धा वेळ रडली, अर्धा वेळ पाठ करून पडली. सहाला गोळी दिली. सुनेनं ती घेतली, सासूकडे न बघता.

सातला तिनं दंतवैद्याला फोन लावला. सासू स्वयंपाकघरात होती, दार उघडं होतं.

"आज मागितली," सून फोनवर सांगत होती. "नाही, पाय बरा आहे. पाय नव्हता तो. मला नुसती हवी होती." मग बराच वेळ ती ऐकत होती. मग म्हणाली, "नाही दिली त्यांनी. बसल्या होत्या इथंच."

सासूनं केरसुणी घेतली आणि भिंतीजवळ वाकून कपाचे तुकडे गोळा करायला लागली. एक पलंगाखाली गेला होता. सुनेनं फोन कानाला तसाच धरून खाली बोट दाखवलं: तिकडे, आणखी आत.